ओहोटीच्या कातळावरील कृमी आणि त्यांची छायाचित्रे

समुद्रावर फिरावयास गेलेल्या मंडळींचे लक्ष शंखशिंपल्यांकडे सहज जाते; कातळाच्या भेगांत, दगडांखाली आणि शेवाळाच्या मुळाशी राहणाऱ्या कृमींकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. ओखा असो, रत्नागिरी असो की विशाखापट्टण, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी लागली की खडकाळ किनाऱ्यावरील हे जग काही वेळ उघडे पडते.

यांतील पुष्कळसे प्राणी ‘पॉलिकीट’ वर्गातले, म्हणजे गांडुळांचे दूरचे आप्त होत. त्यांचे शरीर वलयांचे बनलेले असून बहुतेक वलयांच्या दोन्ही बाजूंस राठ केसांचे झुबके असतात. त्यांच्या ११,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांचे कुल ओळखणे अभ्यासाने साधते. खडकाला चिकटलेली पांढरी, चुन्याची नळी हे सर्प्युलिड कुलाचे घर. वाळूचे कण सांधून केलेली, मधाच्या पोळ्यासारखी वस्ती सॅबेलॅरिड कुलाची. पाठीवर खवल्यांच्या दोन रांगा असलेले कृमी निराळे, आणि चार डोळ्यांचा, मजबूत जबड्यांचा नेरीस निराळा.

जात ठरविणे मात्र कठीण. त्यासाठी केसांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. नेरीसच्या बाबतीत बाहेर काढलेल्या सोंडेवरील बारीक दातांची मांडणीही पाहावी लागते. मग छायाचित्राचा उपयोग काय, असे आपण विचाराल. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचे रंग लवकरच उडतात. जिवंत प्राण्याचे रंग, त्याची चाल आणि त्याचे घर छायाचित्रातच टिकून राहते.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पिएर फोवेल यांचा भारतातील पॉलिकीटांवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी युरोपातील अनेक नावे आपल्या किनाऱ्यावरील प्राण्यांनाही लावली जात. मार्फिसा सँग्विनिआ ही जात मूळ इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरून वर्णिलेली. ती जगभर आढळते असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे त्या एका नावाखाली अनेक निरनिराळ्या जाती दडल्याचे दिसून आले. म्हणून परदेशी पुस्तकातील चित्राशी साम्य दिसताच नाव लिहून मोकळे होऊ नये. ‘मार्फिसा, जात अनिश्चित’ एवढेच लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

छायाचित्र घेताना प्राणी आहे तेथेच प्रथम टिपावा. नंतर पसरट पांढऱ्या बशीत समुद्राचेच पाणी घेऊन त्यात तो अलगद ठेवावा. शेजारी मिलिमीटरची पट्टी असावी आणि प्रकाश बाजूने यावा, म्हणजे पाण्यावर चकाकी येत नाही. संपूर्ण शरीर, डोके, मधल्या वलयांची बाजू आणि शेपूट अशी निदान चार छायाचित्रे घ्यावीत. तारीख, ठिकाण आणि तो दगडाखाली, भेगेत की शेवाळात सापडला, हे तेथेच टिपून ठेवावे. या नोंदीवाचून चित्राचे मोल निम्म्याने उणे होते.

कृमीला उघड्या बोटांनी शिवू नये. अग्निकृमीचे पांढरे केस कातडीत मोडून बसतात आणि आग होते. काम संपताच प्राणी पूर्वीच्या जागी सोडावा. कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यान किंवा मालवणचे सागरी अभयारण्य अशा संरक्षित ठिकाणी आधी परवानगी घ्यावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उलटलेला दगड होता तसाच पुन्हा ठेवावा. तो उताणा राहिला तर त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हाने वाळून मरतात आणि पुढील ओहोटीला येणाऱ्यास तेथे पाहावयास काही उरत नाही.