चौदा दिवसांसाठी चोवीस वर्षं!

बालमित्रांनो, जूनमध्ये नव्या वह्यांना कव्हरं घालताना कधी मनात आलंय का, की अख्ख्या इमारतीलाच कव्हर घातलं तर?

तसं खरंच घडलंय! जर्मनीत बर्लिन शहरात राइशस्टाग ही संसदेची जुनी, भव्य दगडी इमारत आहे. जून १९९५ मध्ये ती चंदेरी कापडात गुंडाळली गेली. कापड किती लागलं? १ लाख चौरस मीटरांहून जास्त! वरून बांधायला १५ किलोमीटरांहून जास्त निळा दोर. ९० गिर्यारोहक दोरांना लटकून हे काम करत होते.

हा उद्योग होता क्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याचा. क्रिस्तो बल्गेरियाचे, जान-क्लोद यांचा जन्म मोरोक्कोतला. गंमत म्हणजे दोघांची जन्मतारीख एकच, १३ जून १९३५!

ही कल्पना निघाली १९७१ मध्ये. पण देशाच्या संसदेला हात लावायचा, तर परवानगी नको? १९७७, १९८१, १९८७ असा तीनदा नकार मिळाला. दोघं रुसून बसले नाहीत. खासदारांना भेटत राहिले, समजावत राहिले. अखेर फेब्रुवारी १९९४ मध्ये संसदेत मतदान झालं. बाजूनं २९२ मतं, विरुद्ध २२३. जिंकले!

खर्चही त्यांचाच. क्रिस्तोंनी काढलेली चित्रं विकून त्यांनी पैसे उभे केले. जाहिरात नाही, तिकीट नाही. सुमारे ५० लाख माणसं पाहून गेली. १४ दिवसांनी कापड उतरवलं.

"एवढा खटाटोप करून उपयोग काय?" आईबाबा नक्की विचारतील. अहो, झाकल्यावर खिडक्या, नक्षी दिसेनाशी झाली आणि इमारतीचा नुसता आकार उठून दिसू लागला. एरवी जिच्यावरून नजर सहज पुढे जाते, तिच्यासमोर माणसं थांबली. हाच उपयोग!

जान-क्लोद २००९ मध्ये गेल्या, क्रिस्तो २०२० मध्ये. पॅरिसची 'आर्क द त्रिओंफ' ही कमान गुंडाळायचं त्यांचं स्वप्न राहून गेलं होतं. २०२१ मध्ये सहकाऱ्यांनी ते १६ दिवसांसाठी पूर्ण केलं.

तुम्हीही एखादी खुर्ची जुन्या चादरीत गुंडाळा, सुतळीनं बांधा आणि लांबून बघा. मात्र आधी आईला विचारा हं! 'नाही' म्हणाली तर रुसू नका. नीट समजावून सांगा आणि उद्या पुन्हा विचारा.