वेबसाइटचा घरगुती व्यवसाय : कामाइतकाच कागदही महत्त्वाचा

संगणकाची भाषा मला येत नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. मी कला शाखेचा पदवीधर; इतिहास आणि मराठी हे माझे विषय. मात्र गेली वीस वर्षे बँकेच्या खिडकीवर बसून लोकांची खाती पाहत आलो आहे. कोणाचा धंदा चालतो आणि कोणाचा बसतो, हे खात्यातील नोंदींवरून थोडेफार कळू लागते. तो अनुभव आणि माझ्या भाच्याच्या व्यवसायात गेली सहा वर्षे जवळून पाहिलेल्या गोष्टी, या दोहोंच्या आधारे हा लेख लिहीत आहे.

आपल्या मंडळाच्या सभासदांची अनेक मुले-मुली आज संगणक शिकत आहेत. काहींना नोकरी लागते. काही जण नोकरीची वाट पाहत असताना घरूनच वेबसाइट तयार करून देण्याची कामे घेतात. कोणाचाही पगारी नोकर न होता निरनिराळ्या ग्राहकांची कामे स्वतंत्रपणे करणाऱ्या अशा व्यक्तीला फ्रीलान्सर म्हणतात. ही मुले हुशारीत कमी पडत नाहीत. ती कमी पडतात ती लिहून घेण्यात आणि पैसे मागण्यात. आपल्यापैकी बहुतेकांची घरे पगारावर उभी राहिली. पहिल्या तारखेला पगार न मागता मिळतो. बिलाचे पैसे मात्र मागावे लागतात. ही विद्या घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळाली नाही, म्हणून ती शिकून घेणे भाग आहे.

भांडवल कमी, म्हणून धोका नाही असे नव्हे

टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही तंत्रविद्या कोणतेही शुल्क न आकारता सर्वांसाठी खुली केली. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. २००३ साली आलेली वर्डप्रेस ही प्रणालीही विनामूल्य आहे. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट वापरण्यासाठी कोणाला परवाना शुल्क द्यावे लागत नाही. एक संगणक, इंटरनेटची जोडणी आणि चिकाटी एवढ्यावर कामाला प्रारंभ होतो. संगणकासाठी पैसे नसतील, तर २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतच्या विनातारण कर्जासाठी अर्ज करता येतो.

परंतु यातच एक मेख आहे. किराणा दुकानात माल दिसतो, म्हणून त्याची किंमत कोणी नाकारत नाही. वेबसाइट करणाऱ्याचे श्रम कोणाला दिसत नाहीत. "तू तर घरीच बसून करतोस, तुला काय खर्च?" हे वाक्य प्रत्येक नवख्याला ऐकावे लागते. आणि दुर्दैवाने काही दिवसांनी त्यालाही ते खरे वाटू लागते.

ताशी सव्वीस रुपये

भाच्याला पहिले काम एका शिकवणी वर्गाचे मिळाले. पंचवीस हजार रुपये ठरले, पाच हजार आगाऊ मिळाले. सारे काही तोंडी. एका महिन्याचे काम चार महिने चालले. आधी पाच पाने ठरली होती, ती बारा झाली. मग विद्यार्थ्यांचे निकाल दाखवायची सोय, मग ऑनलाइन फी भरण्याची सोय. "एवढे जरा करून दे" हे शब्द तर दर आठवड्याला ठरलेले. मजकूर आला तोही छापखान्यातील जुन्या फॉन्टमध्ये. तो युनिकोडमध्ये आणून, मोडलेली जोडाक्षरे दुरुस्त करण्यात आठ दिवस गेले. वेबसाइट सुरू झाली आणि वर्गाच्या चालकांनी फोन उचलणे बंद केले.

एका रविवारी तो माझ्याकडे आला. मी त्याला वहीत कामाचे तास मांडायला लावले. एकूण १९० तास भरले. हाती आलेले ५,००० रुपये भागिले १९०, म्हणजे ताशी सव्वीस रुपये. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मामा, काम करायला लाज वाटली नाही, पण पैसे मागायला वाटली."

थोड्या वेळाने त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, त्याने स्वतःच्या नावावर नोंदवले होते. "रात्रीतून बंद करून टाकतो, मग बघा कसे पैसे देतात." मी त्याला अडवले. दुसऱ्याच्या दुकानाची किल्ली खिशात ठेवून उधारी वसूल करायची नसते. त्यात आपलाच कायद्याचा आधार लंगडा होतो आणि गावात नाव जाते ते वेगळेच. त्याने डोमेन वर्गाच्या नावावर करून दिले. उरलेले वीस हजार आजतागायत आलेले नाहीत. ती त्याची फी झाली. शिक्षण मात्र पक्के झाले.

दर कसा ठरवावा

शेजारचा किती घेतो, यावरून दर ठरवू नये. आपला खर्च किती, यावरून ठरवावा. आम्ही केलेला हिशेब उदाहरणादाखल देतो. घरात द्यावयाची व स्वतःला लागणारी रक्कम २४,००० रुपये. इंटरनेट, वीज, संगणकाची झीज व इतर साधने ६,००० रुपये. आजारपण, कामाविना जाणारे दिवस व कर यांसाठी बाजूला ठेवण्याचे ६,००० रुपये. महिन्याला एकूण ३६,००० रुपये.

आता तास पाहू. महिन्याचे २४ दिवस, रोज ६ तास, म्हणजे १४४ तास होतात. पण ग्राहक शोधणे, भेटी, फोन, हिशेब आणि नवे शिकणे यांचे पैसे कोणी देत नाही. भाच्याच्या वहीप्रमाणे बिलात धरता येणारे तास ८० च भरले. ३६,००० भागिले ८०, म्हणजे ताशी ४५० रुपये. साठ तासांचे काम असेल तर २७,००० रुपयांच्या खाली उतरणे म्हणजे पदरचे घालणे होय. आपले आकडे वेगळे असतील, रीत मात्र हीच ठेवावी.

एक पानाचा करार

करार म्हटले की मुले घाबरतात. वकिलाच्या भाषेची गरज नाही. साध्या मराठीत एक पान पुरते. त्यात पुढील बाबी असाव्यात.

१) पाने किती व सोयी कोणत्या. जे यादीत नाही त्याचे वेगळे पैसे.
२) मजकूर व छायाचित्रे कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या स्वरूपात.
३) फेरबदल किती वेळा. भाचा दोनदा करून देतो, तिसऱ्यापासून ताशी दर लावतो.
४) पैसे टप्प्याटप्प्याने : ४० टक्के आगाऊ, ३० टक्के आराखडा पसंत पडल्यावर, ३० टक्के वेबसाइट लोकांसाठी सुरू करण्यापूर्वी.
५) डोमेन व होस्टिंग ग्राहकाच्या नावावर आणि ग्राहकाच्या खर्चाने. होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली जागा.
६) केलेल्या कामाचा हक्क कोणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रणाली ही साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षित आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने केलेल्या प्रणालीचा हक्क सामान्यतः प्रथम त्याचाच असतो आणि तो दुसऱ्यास द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. म्हणून "पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जाईल" असे एक वाक्य लिहावे.
७) काम दिल्यानंतर किती दिवस विनामूल्य दुरुस्ती. तीस दिवस पुरेसे होतात.

दोघांच्या सह्या, तारीख, प्रत्येकाकडे एक प्रत. सही घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा आपल्याकडे समज आहे. बँकेत सख्खा भाऊ जामीन राहिला तरी सही घेतात. त्याने भावाभावांत वितुष्ट येत नाही. उलट सही नसली की येते.

थकलेली रक्कम आणि कायदा

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा घेणाऱ्या ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावेत आणि ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असू नये, असे तो सांगतो. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस धरले जातात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठीच्या परिषदेकडे दाद मागता येते. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी 'उद्यम' या सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते. त्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. नोंदणी काम घेण्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे. दिवाणी दाव्याने वसुली करायची तर सामान्यतः तीन वर्षांची मुदत असते, हेही लक्षात असू द्यावे.

अर्थात कायदा हा शेवटचा उपाय. बिल वेळेवर पाठवावे, त्यावर क्रमांक, तारीख व देय दिनांक असावा. सातव्या दिवशी नम्र आठवण, पंधराव्या दिवशी फोन. यात लाजण्यासारखे काही नाही. कर्जाचा हप्ता चुकला तर बँकही हेच करते.

खाते, कर आणि बँकेची नजर

व्यवसायाचे पैसे व घरखर्चाचे पैसे एकाच खात्यात मिसळू नयेत. स्वतःच्या मालकीच्या उद्योगाच्या नावाने चालू खाते उघडता येते. त्यासाठी व्यवसायाचा पुरावा लागतो. त्यात उद्यम प्रमाणपत्र उपयोगी पडते. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर असतो. २०१७ साली लागू झालेल्या जीएसटीबाबत, सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नाही. मोठी कंपनी बिलातून आयकर कापून पैसे देते. ती रक्कम बुडाली असे समजू नये. आयकर खात्याच्या पोर्टलवर तिची नोंद पाहावी आणि विवरणपत्र भरताना ती हिशेबात धरावी.

उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र दरवर्षी भरावे, असे मी आवर्जून सांगतो. घरकर्जासाठी किंवा व्यवसायवाढीसाठी उद्या बँकेत जाल, तेव्हा पगाराची चिठ्ठी तुमच्याकडे नसेल. तेथे विवरणपत्रे आणि खात्याचा उताराच तुमच्या वतीने बोलतो. चांगली कमाई असूनही कागद नाही म्हणून परत गेलेली मुले मी खिडकीवर पाहिली आहेत. ते पाहणे सुखाचे नसते.

देखभाल : पगाराच्या जवळची गोष्ट

वेबसाइट एकदा केली आणि संपले, असे नसते. डोमेनचे नूतनीकरण, सुरक्षा प्रमाणपत्र, प्रणालीची नवी आवृत्ती, बॅकअप, लहानसहान बदल हे चालूच राहते. नूतनीकरण विसरल्यास वर्षानुवर्षांचे नाव हातचे जाऊ शकते. म्हणून प्रत्येक ग्राहकाशी वार्षिक देखभालीचा वेगळा करार करावा. भाच्याकडे आज असे अकरा ग्राहक आहेत. नवे काम नसलेल्या महिन्यातही त्यामुळे चूल पेटते.

आता तर तयार साच्यांवरून आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काही मिनिटांत पाने तयार होतात. मग ग्राहक आपल्याकडे कशाला येईल, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. पाने यंत्र करील; पण दवाखान्याची वेबसाइट रविवारी सकाळी बंद पडली तर फोन कोणाला करायचा? ती जबाबदारी घेणारा माणूस लागतोच. तोच आपला खरा माल आहे.

आपल्या माणसांविषयी दोन शब्द

एक गोष्ट सभासदांनाही सांगावीशी वाटते. लग्नाची पत्रिका असो, संस्थेची वेबसाइट असो, "आपलाच मुलगा आहे, करून देईल" असे आपण सहज म्हणतो. त्याच्या जागी बाहेरचा असता तर पैसे मोजले असते. आपल्या मुलांनी धंद्यात उतरावे असे भाषणात म्हणायचे आणि त्यांचे पहिले बिल आपणच बुडवायचे, हे बरोबर नाही. भाच्याने यावर एक तोड काढली आहे. सामाजिक काम विनामूल्य करायचे असले तरी तो पूर्ण रकमेचे बिल देतो आणि खाली तेवढीच सूट लिहितो. त्यामुळे देणगी किती झाली हे दोघांनाही कळते.

विद्यार्थी मित्रांनो, पदवी अर्धवट टाकून या व्यवसायात उडी घेऊ नका. शिकत असताना एक-दोन लहान कामे करा, तासांची वही ठेवा, एक पानाचा करार करा. नोकरी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर हात रिकामे राहणार नाहीत.

माझ्या ताईला अजूनही वाटते, मुलाने बँकेची परीक्षा द्यावी. मी तिची समजूत काढत नाही. आईची काळजी तिच्या जागी योग्यच आहे. मात्र गेल्या दिवाळीत भाच्याने मला त्याची जुनी वही दाखवली. पहिल्या पानावर तो सव्वीस रुपयांचा आकडा त्याने तसाच ठेवला आहे. नवे काम घेण्यापूर्वी तो ते पान एकदा उघडतो, आणि मगच दर सांगतो.