हापसा सोलापूरचा, पाणी आफ्रिकेचे

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात शुद्ध पाणी आले, की त्यामागे युरोप-अमेरिकेतले यंत्र असणार असे आपण धरूनच चालतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने तरी हा समज बाळगू नये. युगांडा, माली, घाना, सुदान या देशांतल्या असंख्य गावांत बायका ज्या हापशाचा दांडा मारतात, तो ‘इंडिया मार्क टू’ किंवा त्याचाच भाऊबंद असतो. आणि या पंपाचा मूळ नमुना ‘सोलापूर पंप’ याच नावाने ओळखला जातो.

दख्खनच्या काळ्या पाषाणात बोअर घेता येऊ लागले, तेव्हा त्यांवर बिडाचे पंप बसत. त्यांचे नमुने परदेशी, एका कुटुंबाच्या वापरापुरते. आपल्याकडे मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत सारे गाव त्यावर लोटे. सांधे झिजत, बीड तडके, पंप बंद पडे. आधी जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये आणि मग सोलापुरात यावर उपाय निघाला: बिडाऐवजी पोलाद, अनेक सांध्यांऐवजी एकच भक्कम आस, आणि दांडा व आतली सळई यांना जोडणारी साखळी. साखळीमुळे सळई सरळ वर ओढली जाते, तिरकी घासत नाही. 1970च्या दशकात युनिसेफने हाच नमुना पुढे नेला, त्याच्या चाचण्या घेतल्या आणि ‘मार्क टू’ घडला.

पण बोअर मारला आणि हापसा बसवला की गावाचा पाणीप्रश्न सुटला, हा दुसरा गैरसमज त्याहून महाग पडतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत कोणत्याही वेळी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश हातपंप बंद असतात, असा अंदाज आहे. कुठे साधे वॉशर मिळत नाही, कुठे दुरुस्ती येणारा माणूस नसतो, कुठे गावाने त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले नसतात. पश्चिम आफ्रिकेत काही ठिकाणी भूजलच आम्लधर्मी आहे. ते जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांना खाते, पाणी तांबडे येते आणि बायका पुन्हा डबक्याकडे वळतात. उद्घाटनाचा फोटो काढून परतणाऱ्यांनी हे विसरू नये.

हे दूरचे वाटत असेल, तर आता सोलापूर जिल्ह्यातल्याच आपल्या वेळापूरकडे येऊ. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे. अशा भागात ‘बोअरचे पाणी नितळ, म्हणजे चांगलेच’ हे वाक्य सहज ऐकू येते. नितळपणावरून काहीच ठरत नाही. उसाला दिलेल्या जादा युरियातला आणि शौचालयाच्या खड्ड्यांतून झिरपणारा नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडली तर सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळांना असतो. असे पाणी उकळून काही साधत नाही. जंतू मरतात, पण वाफ गेल्याने नायट्रेट उलट दाट होतो. तुरटीने गाळ खाली बसतो, सगळे जंतू मरत नाहीत.

फडक्याने गाळण्याचे मोल मात्र खरे आहे, पण ते नेमके कशासाठी हे कळायला हवे. नारूचे जंत वाहून नेणारे बारीक जलकीटक फडक्यात अडकतात. गाळणी, सुरक्षित विहिरी आणि रुग्णांचा शोध यांच्या बळावर 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. जगात 1986 साली नारूचे अंदाजे 35 लाख रुग्ण होते. 2024मध्ये चाड आणि दक्षिण सुदानमध्ये मिळून अवघे 15 उरले. पटकी-विषमज्वराचे सुटे जंतू मात्र फडक्यातून आरपार जातात. त्यांच्यासाठी पाणी उकळावे किंवा त्यात क्लोरीनची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकावी.

तिचा वास आला की ‘पाण्यात औषध जास्त पडलंय’ म्हणून नळाचे पाणी ओतून देणारी घरे आहेत. तो हलका वास म्हणजे क्लोरीन अजून पाण्यात शिल्लक असल्याची खूण. पावडर मिसळल्यावर अर्धा तास थांबावे. घरच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवा. आषाढीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते, तेव्हा गावच्या पाण्यावर हजारो वारकऱ्यांचीही तहान भागायची असते.

पुढच्या ग्रामसभेत प्रत्येकाने एवढेच विचारावे: आपल्या स्रोताची रासायनिक आणि जैविक तपासणी शेवटची कधी झाली, आणि तिचा अहवाल कुठे आहे?