ई-मेलच्या वेशीवर पहारा : काळ्या यादीने स्पॅम कसा रोखावा?

हल्ली मालाची चौकशी, दरपत्रक, ऑर्डर आणि बिल ही सर्व कामे ई-मेलवर होतात. परंतु ज्या पेटीत गिऱ्हाईकाचे पत्र यायचे, तिच्यातच लॉटरीच्या थापा, बनावट औषधांच्या जाहिराती आणि खोटी बिले येऊन पडतात. यालाच स्पॅम म्हणतात. या कचऱ्यात एखादी खरी ऑर्डर दडून राहिली, तर नुकसान आपलेच होते.

हा त्रास जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या विक्री खात्याने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठवली. ते पहिले स्पॅम मानले जाते. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढे हा त्रास आपल्याकडेही आला.

ज्यांची ई-मेल गुगल किंवा मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडे आहे, त्यांची चाळणी ती कंपनीच करते. पण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतील एखाद्या कारखानदाराने स्वतःचा मेल सर्व्हर ठेवला असेल, तर पहाराही त्यालाच बसवावा लागतो.

नगरकरांना माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा ठाऊक आहेत. पूर्वी परका माणूस वेशीवरच अडवला जाई. तशीच वेस ई-मेललाही बांधता येते. मुख्य सर्व्हरच्या पुढे दुसरा लहान सर्व्हर ठेवायचा. बाहेरची सर्व टपाल आधी त्याच्याकडे येते. तो तपासतो आणि योग्य तेवढीच आत सोडतो. त्यासाठी पोस्टफिक्स ही प्रणाली मोफत मिळते व साध्या लिनक्स संगणकावर चालते.

आता काळी यादी म्हणजे काय? उधारी बुडवणाऱ्याचे नाव बाजारात तोंडोतोंडी फिरते आणि आडते त्याला माल देत नाहीत. तद्वतच स्पॅम पाठवणाऱ्या संगणकांच्या आयपी पत्त्यांची यादी काही संस्था ठेवतात. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाऊस ही त्यांपैकी प्रमुख. तिची ‘झेन’ ही एकत्रित यादी मर्यादित वापरासाठी मोफत आहे; मात्र तिच्या अटी आधी वाचाव्यात.

काम असे चालते. १९२.०.२.४५ या पत्त्यावरून कोणी दार ठोठावले, की आपला सर्व्हर आकडे उलटे करून ४५.२.०.१९२ असे यादीला विचारतो. उत्तर १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यांपैकी आले, तर पत्ता यादीत आहे असे समजावे. मग पत्र न स्वीकारता दारातूनच परत करावे. चुकून एखादा खरा गिऱ्हाईक अडला, तर त्याला नकाराचा निरोप मिळतो आणि तो फोन करू शकतो. पत्र घेऊन गुपचूप फेकून दिले, तर कोणालाच काही कळत नाही.

जाणकाराकडून काम करून घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. यादीची तपासणी वेशीवरच व्हावी. आतल्या सर्व्हरला फक्त पुढच्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो. तेथे तपासून उपयोग नाही.

२. आतल्या सर्व्हरचे २५ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद करावे. वेशीवर पहारा आणि मागे खिंडार, असे होऊ नये. राखीव मेल सर्व्हर असेल, तर त्यालाही हाच नियम लावावा.

३. आपल्याकडील खरे ई-मेल पत्ते पुढच्या सर्व्हरला माहीत असावेत. नसल्यास तो कोणत्याही नावाने आलेले पत्र घेतो आणि नंतर भलत्याच माणसाला परत धाडतो.

४. घरच्या ब्रॉडबँडचे बहुतेक पत्तेही झेन यादीत असतात. म्हणून आपल्या कामगारांची पत्रे पासवर्डसह ५८७ पोर्टवरून घ्यावीत व तेथे ही तपासणी लावू नये.

५. नेहमीच्या गिऱ्हाईकांची वेगळी पांढरी यादी ठेवावी. पहिला आठवडा पत्रे न अडवता फक्त नोंद करून नंतरच अडवणे सुरू करावे.

६. यादीला विचारणा गुगलसारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत करू नये. तसे केल्यास १२७.२५५.२५५.२५४ असे त्रुटीचे उत्तर येते आणि ते ‘यादीत आहे’ असे समजल्यास सर्वच टपाल अडते.

यादी जिवंत आहे की नाही, हेही अधूनमधून पाहावे. ओआरडीबी नावाची यादी २००६ मध्ये बंद झाली. मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्ता काळा असल्याचे सांगू लागली. ज्यांनी तिचे नाव काढले नव्हते, त्यांची सारी टपाल अडली. सॉर्ब्स ही जुनी यादीही २०२४ मध्ये बंद झाली.

शेवटी एक इशारा. काळी यादी पाठवणारा संगणक ओळखते, त्यातील मजकूर नव्हे. ओळखीच्या व्यापाऱ्याचेच खाते कोणी चोरून ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे लिहिले, तर यादी ते थांबवणार नाही. अशा वेळी पैसे भरण्यापूर्वी जुन्या नंबरवर फोन करून खात्री करावी. फसगत झालीच, तर वेळ न घालवता १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.