सांख्यिकीचे प्रौढ शिक्षण

सांख्यिकीचे प्रौढ शिक्षण : औपचारिक शिक्षणात खंड पडल्यानंतर प्रौढ वयात सांख्यिकी व संभाव्यता यांची मूलतत्त्वे आत्मसात करण्याची प्रक्रिया. परिचारिका, शिक्षक, कृषी व आरोग्य खात्यांतील कर्मचारी इत्यादींना व्यवसायात कोष्टके व नमुना पाहण्या हाताळाव्या लागतात आणि बहुधा तेथूनच या अभ्यासाची निकड निर्माण होते.

प्रारंभी लागणारे गणित थोडे असते. अपूर्णांक, शेकडेवारी, वर्गमूळ व आलेखवाचन एवढ्यावर माध्य, मध्यक व प्रमाण विचलन यांचा परिचय होऊ शकतो. सिग्मा हे बेरजेचे चिन्ह पाहून अनेक जण बिचकतात. वस्तुतः ते केवळ लघुलेखन होय. अनुभवी विद्यार्थ्याला उदाहरणाचा अर्थ मात्र चटकन उमगतो. नऊ शेतकऱ्यांकडे प्रत्येकी १ हेक्टर आणि दहाव्याकडे ३१ हेक्टर जमीन असल्यास माध्य ४ हेक्टर येतो, मध्यक १ हेक्टरच राहतो. गावाची स्थिती कोणता आकडा दाखवितो, हे त्याला सांगावे लागत नाही.

संभाव्यतेत मात्र हाच अनुभव आड येतो. नाणे सलग चार वेळा छापा पडल्यावर आता काटा पडणारच, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. प्रत्येक फेक स्वतंत्र असल्याने पाचव्या वेळीही संभाव्यता १/२ च असते. एमॉस ट्व्हर्स्की व डॅन्येल कानेमन यांनी १९७१ मध्ये दाखविले की, लहान नमुन्यावर अवाजवी विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती व्यावसायिक संशोधकांतही असते.

सर्वांत अवघड भाग सोपाधिक संभाव्यतेचा. अमेरिकेत १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थ्यांना असा प्रश्न विचारला होता : एखादा रोग हजारात एकाला होतो, चाचणी निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्क्यांना चुकीने रोगी ठरविते, तर चाचणी होकारार्थी आलेली व्यक्ती खरोखर रोगी असण्याची संभाव्यता किती? सर्वाधिक जणांनी ९५ टक्के असे उत्तर दिले. बरोबर उत्तर देणारे केवळ ११ होते. टक्के सोडून माणसे मोजली की गुंता सुटतो. हजार व्यक्तींत रोगी एक. उरलेल्या ९९९ पैकी सुमारे ५० जणांची चाचणी चुकीने होकारार्थी येते. चाचणीतून रोगी सुटत नाही असे मानल्यास होकारार्थी ठरलेल्या ५१ जणांत खरा रोगी एकच, म्हणजे सुमारे २ टक्के. रोग्याला अकारण भयभीत करणे किंवा न करणे या एका भागाकारावर अवलंबून असते. गेर्ड गिगरेंझर व उलरिख होफ्रागे यांनी १९९५ मध्ये दाखविले की, अशा वारंवारतेच्या मांडणीने अचूक उत्तरांचे प्रमाण बरेच वाढते. तरीही अनेक पाठ्यपुस्तके बेझ यांच्या सूत्रापासूनच प्रारंभ करतात, हे इष्ट म्हणता येत नाही.

भारतातील ठळक उदाहरण प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांचे आहे. केंब्रिज येथे भौतिकीचे शिक्षण घेतलेल्या महालनोबीस यांना १९१५ च्या सुमारास बायोमेट्रिका या नियतकालिकाचे खंड पाहावयास मिळाले. वर्गाबाहेर केलेल्या त्या वाचनातून ते सांख्यिकीकडे वळले व १९३१ मध्ये त्यांनी कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. पुणे विद्यापीठात वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली १९५३ मध्ये सांख्यिकी विभाग सुरू झाला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) व नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांनी दूरशिक्षणाची सोय केली. आकडेमोड आता संगणक करतो. आकडे कोणी, कसे व कोणाकडून गोळा केले, हे मात्र विद्यार्थ्यालाच विचारावे लागते.