मिरज, कुंदगोळ, चिकपेट : गाण्याचा एक लांबचा रस्ता

चिकपेटेत लग्नाच्या साड्या घ्यायला तुम्ही कधी गेला असाल, तर तिथली गर्दी वेगळी सांगायला नको. शहाजीराजांची जहागीर असलेल्या बेंगळुरूच्या या जुन्या पेठेत मराठी बोलणारी घरं आजही आहेत. इथून थोडं दक्षिणेला, के. आर. मार्केट ओलांडलं की चामराजपेट. तिथल्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीला मोठा मांडव पडतो आणि गाणं महिनाभर चालतं. श्री रामसेवा मंडळी हा उत्सव १९३९पासून करत आली आहे. उत्सव मुख्यतः कर्नाटक संगीताचा, पण आपले पंडित भीमसेन जोशीही इथे गायले आहेत.

आता पुण्याहून गाडीने बेंगळुरूला निघालात असं समजा. सुमारे ८४० किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर. पंडितजींना गाडी चालवण्याचं भारी वेड. मैफलीसाठी लांबलांबचे पल्ले ते स्वतः चालवत गाठायचे, बिघाड झाला तर बॉनेटमध्येही डोकं घालायचे. पुढे विमानप्रवास इतके वाढले की सवाई गंधर्वांचा हा शिष्य गमतीने ‘हवाई गंधर्व’ झाला!

गाडीत सगळ्यात नाजूक प्रवासी तंबोरा. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातला, घडण बहुतेकदा मिरजेची. एक जोराचा धक्का आणि भोपळ्याला तडा. म्हणजे संध्याकाळी गायचं कशाच्या आधाराने? गवयाला सामान नेणाऱ्या हमालाची काळजी का वाटते, ते यावरून कळेल.

पण याच वाटेने आणखी एक गवई आधी जाऊन आला होता. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. म्हैसूरच्या महाराजांच्या दरबारी गायला ते जायचे, तेव्हा प्रवास रेल्वेचा. वाटेत हुबळी-धारवाडला मुक्काम पडे. मुक्कामात गाणं होई, शिकवणं होई. हुबळीच्या पुढेच लागणाऱ्या कुंदगोळचे रामभाऊ त्यांचे शिष्य झाले, तेच सवाई गंधर्व. दक्षिणेच्या इतक्या आत किराणा घराणं रुजलं त्याचं मोठं श्रेय, माझ्या मते, या मुक्कामांना द्यायला हवं. खाँसाहेब थेट म्हैसूरलाच उतरले असते तर?

इकडे गदगमध्ये एका दुकानात खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर वाजली आणि शाळकरी भीमसेन खिळून राहिला. अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं, तिकिटाला पैसे नव्हते. रेल्वेत गाणी म्हणत, कुणी दिलं ते खात पोरगं ग्वाल्हेरपर्यंत गेलं, आणखी बरंच भटकलं. आणि गुरू मिळाले कुठे? घरापासून काही तासांवरच्या कुंदगोळला!

तिथे १९३६च्या सुमारास सुरू झालेल्या तालमीत पाणी भरणंही आलं आणि पहाटेचा खर्जही. पुढे या माणसाने मराठीत तुकोबांचे अभंग गायले, कन्नडमध्ये पुरंदरदासांची पदं. दोन्हीकडच्या लोकांना ते आपलेच वाटतात, यात नवल नाही.

यंदा रामनवमीला त्या बाजूला जाणार असाल तर हुबळीला गाडी वळवा. कुंदगोळ तिथून साधारण २० किलोमीटर. नाडगीरांचा वाडा कुठे, असं विचारा. तिथे सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला गाणं होतं.