मुक्त लेखकाची भाकरी

आमच्या घरात नोकरी म्हणजे काय ते सर्वांना ठाऊक आहे, जरी ती आजवर कोणाला लागलेली नसली तरी. हमाली म्हणजे काय हे तर सांगायलाच नको, कारण आमचे आबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहतात. पण मागल्या उन्हाळ्याच्या सुटीत, “मला मासिकांतून लिहून पोट भरायचं आहे,” असे मी म्हणाले तेव्हा आबांनी हातातला घास तसाच धरून विचारले, “त्येचं हप्त्याला किती पडत्यात?” मला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यात वर्ष गेले. जे हाती लागले ते येथे मांडते आहे. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्या इतरांनाही हा प्रश्न घरी कधीतरी विचारला जाईल, असे वाटते.

साताऱ्याला मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत दुपारी ग्रंथालयात काम करते. तेथे जुन्या मासिकांच्या फायली चाळायला एक गृहस्थ येतात. वय साठीच्या आसपास, खांद्याला शबनम, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते मुक्त लेखक आहेत. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांची अट आहे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणते. मुक्त लेखक म्हणजे कोणाच्याही हजेरीपटावर नसलेला लेखक. आज एका मासिकाचे काम, उद्या दुसऱ्याचे, परवा कोणाचेच नाही.

काकांकडे तीन वह्या आहेत. पहिलीत कबूल केलेले लेख, दुसरीत पाठवलेले लेख आणि तिसरीत यायचे पैसे. तिसरी वही सर्वांत जाड आहे.

गेल्या वर्षभरात त्यांनी काय काय लिहिले ते मी पहिल्या वहीतून उतरवून घेतले. तासगावच्या बेदाण्यावर शेतीविषयक मासिकासाठी लेख. एका पतसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका. पालीच्या खंडोबाची यात्रा. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या गौरवग्रंथाचे संपादन, त्यात स्वतः मुख्याध्यापकांनीच चार वेळा दुरुस्त्या केल्या. इंग्रजीतून आलेल्या खतांच्या माहितीपत्रकाचा अनुवाद. आणि दिवाळी अंकांसाठी दोन दीर्घ लेख. मला वाटले होते की लेखक म्हणजे खिडकीत बसून सुचेल ते लिहिणारा माणूस. प्रत्यक्षात काका एसटीत जास्त आणि टेबलापाशी कमी असतात.

या धंद्याचे पंचांगही उलटे असते. दिवाळी अंकांची परंपरा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली सुरू केली. त्या परंपरेतला दिवाळीचा लेख काका आषाढात, बाहेर पाऊस कोसळत असताना लिहितात. कासच्या पठाराला तर आणखी मागे जावे लागते. फुले साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात येतात, पण मासिकाला लेख सप्टेंबरच्या अंकात हवा असतो, म्हणजे मजकूर जुलैत गेला पाहिजे. तेव्हा यंदाच्या लेखातली फुले गेल्या वर्षी पाहून टिपून ठेवलेली असतात.

आपल्या भागाला हा व्यवसाय नवा नाही. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत, नांगराच्या कारखान्याशेजारी, शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले. तेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे आली. म्हणजे एकेकाळी लेखकांची पाकिटे मुंबई-पुण्याहून या माळरानावरच्या वाडीकडे येत. आज लेखक आपला मजकूर पुण्या-मुंबईकडे पाठवतो आणि मोबाइलकडे बघत बसतो. मला ही गोष्ट कळली त्या दिवशी उगीचच अभिमान वाटला, कारण किर्लोस्करवाडी स्टेशनवरून मी कितीदा गेले असेन, पण तिथे कधी मासिके निघत हे मला कोणी सांगितले नव्हते.

माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकरही याच मातीतले. त्यांची ‘बनगरवाडी’ आधी ‘मौजे’च्या दिवाळी अंकात आली आणि १९५५ साली पुस्तक झाली. पुढे त्यांनी पुणे आकाशवाणीत नोकरी केली हेही लक्षात ठेवले पाहिजे. काका म्हणतात, मोठ्या लेखकाची पुस्तके सगळे वाचतात, त्याची पगारपत्रके कोणी वाचत नाही.

पूर्णवेळ मुक्त पत्रकारितेचे उदाहरण म्हणून मला अनिल अवचटांचे द्यावेसे वाटते. ते शिकले डॉक्टरी, पण ‘माणूस’ साप्ताहिकासारख्या ठिकाणी बिहारच्या दुष्काळी भागापासून हमाल, विडी कामगार, भटके यांच्यापर्यंत जाऊन लिहीत राहिले. ‘पूर्णिया’ हे त्यांचे पहिले पुस्तक १९६९ चे. गर्दच्या व्यसनावरील त्यांच्या लेखनातून पुढे १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. हे सर्व लिहिणे चालू असताना त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करीत होत्या. काकांच्या घरीही तेच आहे. काकू शाळेत शिक्षिका होत्या आणि आता त्यांची पेन्शन येते. मुक्त लेखकाच्या मुक्तपणाचे भाडे बहुधा घरातले दुसरेच कोणीतरी भरत असते. हे ऐकून मला थोडे भ्यायला झाले, कारण आमच्या घरात असे दुसरे कोणी नाही.

गेल्या मार्चमध्ये काकांना हळदीवर लेख लिहायचा होता. मी म्हणाले, “काका, माझे आबा तिथेच आहेत.” एका रविवारी आम्ही सांगलीला गेलो. आधी हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ. तेथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत. पेव म्हणजे खोल मातीची कोठी, वरून तोंड लिंपून बंद केलेली. उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, कारण आतली हवा माणसाला मारते. आधी ती जाऊ द्यायची, आणि दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर थांबायचे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवे कामातून गेली. आता माल गोदामांत आणि शीतगृहांत असतो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते काकांनी एका ओळीत लिहिले. पेवातल्या दिव्याला मात्र त्यांनी पाऊण पान दिले. असे का, हे मी विचारले. ते म्हणाले, “मानांकन सगळ्यांनी छापलंय. दिवा कोणी छापलेला नाही.”

मग मार्केट यार्डात आबांपाशी. दुपारचा सौदा संपून पोती हलत होती. हळकुंड वेगळे, गड्डा वेगळा, आणि सगळ्यांवर पिवळी धूळ. लहानपणी वर्गातल्या मुली मला ‘रोजची हळद’ म्हणून चिडवीत, कारण आबांच्या कपड्यांबरोबर धुतलेले माझे फ्रॉकही पिवळे होत. काकांनी आबांना भाव विचारला नाही, बाजाराची उलाढाल विचारली नाही. ते पोत्यांच्या थप्पीवर त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “पहिलं पोतं कधी उचललंत?”

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ही पोटात हुती तवा. गावाकडं दोन साल पाऊस न्हवता. पयल्या दिशी तीस पोती वाहिली आन् रातच्याला हात वर जाईना. हिच्या आईनं घास भरवला.”

एकोणीस वर्षे मी त्या माणसाच्या घरात वाढले. हा प्रश्न मला विचारता आला असता.

परतताना काकांनी मला धंद्यातली कायद्याची बाजू सांगितली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा हक्क मुळात लेखकाचाच असतो. मासिकाने लेख छापला म्हणजे तो मासिकाचा झाला असे नाही. हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि किती मुदतीसाठी ते लिहिलेले नसेल तर पाच वर्षे धरतात. म्हणून काका प्रत्येक लेखाबरोबर ‘एकदा छापण्यापुरती परवानगी’ अशी एक ओळ लिहून पाठवतात. एका मासिकाने तरीही त्यांचे आठ लेख न विचारता पुस्तकात घातले. वकील करण्याचा खर्च मानधनापेक्षा जास्त होता, म्हणून ते गप्प बसले.

पैशांच्या वसुलीसाठी मात्र असा कायदा हाताशी येत नाही. हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक रोज बदलला तरी मजुरी मंडळामार्फत मिळावी, फंड जमावा, असा त्याचा हेतू. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा झाला तो नोकरीतल्या पत्रकारांसाठी. मुक्त लेखकाचे मंडळ नाही आणि फंडही नाही. आबांच्या आणि काकांच्या कामात मला इतका सारखेपणा दिसेल असे वाटले नव्हते, पण या एका बाबतीत आबा पुढे आहेत.

हळदीचा लेख पावसाळ्यात छापून आला. अंक घेऊन मी घरी गेले आणि रात्री आबांना मोठ्याने वाचून दाखवला. आबांचे नाव बदललेले होते, तीस पोती तशीच होती. एका ठिकाणी त्यांनी मला थांबवले.

“डोक्यावर पोतं, आसं ल्हिलंय?”

“होय.”

“डोक्यावर कोन घेतंय? पाठीवर घेत्यात. मानंच्या खाली.”

त्या लेखाची मुद्रिते मीच तपासली होती. दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. त्यांनी आपल्या प्रतीत दुरुस्ती करून घेतली आणि आबांना नमस्कार सांगितला. मी निरोप दिला. आबांनी विचारले, “त्या लेखाचं पैसं आलं का त्येनला?”

“अजून नाही. तिसऱ्या वहीत आहेत.”

“मग त्येंला म्हनावं, फोन करा की दर सोमवारी,” आबा म्हणाले. “आमी बी तसंच करतो.”